एका गोळीत जेवण

आमचे अप्पा तमिळमध्ये विज्ञानकथा लिहायचे. घरात बोलणं मराठी, कथा तमिळ आणि शाळेत फिजिक्स शिकवायचं इंग्रजीतून. तंजावरच्या आमच्यासारख्या घरांत याचं कुणाला काही वाटत नाही. त्यांचा सगळ्यात लाडका शोध म्हणजे जेवणाची गोळी. सकाळी एक गिळली की दिवसभर भूक नाही, चूल नाही, भांडी नाहीत. अम्माला ही गोळी अजिबात खपायची नाही. "मग मी काय करूं? तुमचं तोंड बघत बसूं?" असं म्हणत ती त्यांच्या पानात सांबार ओतायची. अप्पा पुस्तकात डोकं घालून जेवायचे. पानात काय पडलंय ते विचारलं असतं, तर सांगता आलं नसतं त्यांना.

मग अम्माला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, गिळणं गेलं. नाकातून नळी घातली आणि पावडरचा डबा घरात आला. कोमट पाण्यात कालवायची, सिरिंजनं नळीत सोडायची, झालं जेवण. चूल नाही, भांडी नाहीत. अप्पांचं भविष्य आमच्या घरात येऊन बसलं आणि त्याला व्हॅनिलाचा वास येत होता.

"आम्ही बोललेलं तिला कळतं का?" मी डॉक्टरांना विचारलं. "सांगता येत नाही," ते म्हणाले. डावा हात हलू शकत होता, पण ती हलवायची नाही. नुसती छताकडे बघायची. ती आत आहे की नाही, एवढंच मला हवं होतं कुणाकडून तरी. अप्पांच्या एका कथेत मन वाचणारी टोपीही होती. ती मेली टोपी मात्र अजून कुणी बनवलेली नाही. मला रडू येत नव्हतं, काहीच येत नव्हतं. बँकेत जायचं, परत यायचं, नळी धुवायची.

अप्पांनी त्यात एक खूळ काढलं. सिरिंज लावण्याआधी अम्माच्या कानाशी वाकून जेवणात काय आहे ते सांगायचं. "अगे, आज भेंडी घालून ताकाचं मोरकुळंबू केलंय." जन्मात पदार्थांची नावं ठाऊक नसलेला माणूस! रोज सकाळी माझ्या मागे, "आज काय सांगूं?" मला अशी चीड यायची. "सांगा काहीही, पावडर तीच आहे," मी एकदा फाडकन म्हटलं. पण त्यांनी सांगायचं काही सोडलं नाही.

त्या दिवशी मला सुट्टी होती. शेजारच्या गच्चीवरून सकाळपासून कावळ्यांना हाका चालल्या होत्या, का का का. आमच्या कानांवर पडत होत्या, डोक्यात शिरत नव्हत्या. अप्पा सिरिंज घेऊन वाकले. "अगे, आज छोट्या कांद्याचं सांबार."

अम्मानं तोंड फिरवलं.

मला वाटलं, मान घसरली. अप्पांनी उशी सारखी केली आणि पुन्हा म्हणाले, "कांद्याचं सांबार, गे." तिनं डावा हात उचलला आणि सिरिंज बाजूला ढकलली. कपाळावर आठी. सोवळ्यात कुणी शिवलं की पडायची, तीच.

"आज काय आहे गं?" अप्पांनी मला विचारलं. बाहेर पुन्हा का का का. मी स्वैपाकघरात धावले. भिंतीवरच्या कॅलेंडरचं रोजचं पान फाडणं हे अम्माचं काम, ती पडल्यापासून ते तसंच लटकत होतं. भराभरा पानं उलटली. अमावास्या. म्हणून तर शेजारी कावळ्यांना घास चालला होता. अमावास्येला आमच्याकडे कांद्याला हातही लावत नाहीत. अप्पा तर दर अमावास्येला तर्पण करणारे, तेही साफ विसरले होते.

"अय्यय्यो," अप्पा म्हणाले. त्यांनी सिरिंज मोरीत ओतून टाकली, घासून धुतली आणि त्याच डब्यातली पावडर नव्यानं कालवली. मग अम्माजवळ येऊन खाली बसले.

"चुकलं गे माझं. कांदा नाही घातला. भोपळ्याचं सांबार आहे, कच्च्या केळ्याची भाजी आहे. चालेल?"

अम्मानं मान सरळ केली आणि हात खाली ठेवला.

"आहे गं, आहे ती," अप्पा मला म्हणाले, आणि तेव्हा कुठे मला रडू फुटलं.