ओमप्रकाशजींचा नऊ

आमच्या शेजारच्या पौर्णिमा वानखडेनं अकरा वर्षांपूर्वी अमरावतीच्या एका बियाणे कंपनीसाठी पायथन या संगणकाच्या भाषेत प्रोग्राम लिहिला. आयुष्यात तिनं बांधलेलं एवढंच; राहतं घर भाड्याचं. पायथनचा स्वभाव आपल्याकडच्या लग्नाच्या पंगतीसारखा. माहिती ठेवायच्या डब्यात आकडा टाका की शब्द, 'तुम्ही कोणाकडचे?' असं कोणी विचारत नाही.

यंदा कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसनं फर्मावलं: प्रत्येक डब्यावर आत काय राहणार त्याची चिठ्ठी लावा. तपासनीस प्रोग्रामनं महिनाअखेर शून्य चुका दाखवल्या पाहिजेत, नाहीतर तुमचा प्रोग्राम बंद, आम्ही बाजारातला तयार आणू.

पहिल्या दिवशी चुका निघाल्या चार हजार एकशे सहा. पौर्णिमा तांदळातले खडे वेचावेत तशी वेचत बसली. घरात महिनाभर खिचडी. अठ्ठाविसाव्या दिवशी एकच चूक उरली: ओलावा.

मूर्तिजापूरच्या गोदामात सोयाबीनचा ओलावा ओमप्रकाशजी पाहत. मीटर कायम दुरुस्तीला, म्हणून दाणा दाताखाली धरायचा आणि संगणकात 'कडक' नाहीतर 'नरम' लिहायचं. नरम पोती वाळायला जात. अकरा वर्षांत त्यांचा दात चुकला नव्हता. 'आकडा किंवा शब्द' अशी चिठ्ठी पायथनला चालते. पुण्याला चालत नव्हती.

तिनं फोन लावला. "काकाजी, आता आकडाच लिहा लागते. कडक म्हणजे किती?"

"कडक म्हणजे कडक. दात काय काटा हाये?"

"माझं काम जाऊन राहिलं, काकाजी."

पलीकडे थोडा वेळ दाणे चावल्याचा आवाज आला. "मंग नऊ लिवू? नऊ चालते तुले?"

"चालते."

तपासनिसानं शून्य दाखवलं. आम्ही पेढे खाल्ले.

डिसेंबरात गोदाम उघडलं, तर निम्मी पोती बुरसलेली. संगणकात प्रत्येक पोत्यापुढे नऊ, म्हणजे कडक; वाळायला एकही पोतं गेलं नव्हतं. आकड्याच्या डब्यात आकडाच होता, त्यामुळे कोणाचीच तक्रार नव्हती. आठवड्यात पौर्णिमाचा प्रोग्राम बंद झाला.

ती भांडायला मूर्तिजापूरला गेली. ओमप्रकाशजींनी चहा मागवला आणि कोपऱ्यातल्या पोत्यातले चार दाणे तिच्या हातावर ठेवले.

"चाव बरं."

तिनं एक चावला. "नरम आहे."

"मले तवाच माहीत होतं," ते म्हणाले. "पण दुसरा आकडा लिवला अन् तुह्यं काम गेलं, तर?"

पौर्णिमानं उरलेले तीन दाणेही चावले. भांडायचं राहूनच गेलं.