शेवटची अकरा पानं

भाईदास नानांशी भांडायला मी धुळ्याहून पहूरला निघाले होते. जळगावला एसटी बदलली, नेरीपर्यंत उभी राहिले, मग बसायला जागा मिळाली. तोवर निम्मा राग उतरला होता. चव्वेचाळिसाव्या वर्षी रागालासुद्धा अंगात त्राण लागतं. पिशवीत मात्र दोन किलो वजनाची एक जुनी कादंबरी होती आणि ती दर धक्क्याला मांडीवर आपटून मला कामाची आठवण करून देत होती. नानांना मला एकच विचारायचं होतं: तुम्ही मला फसवलंत का?

नाना म्हणजे आमच्या पहूरच्या वाचनालयाचे ग्रंथपाल. ग्रंथपाल हा शब्द फार मोठा झाला. विहाराच्या शेजारी एक पत्र्याची खोली, तीन कपाटं, एक बाक आणि नाना. दिवसा ते जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींवर काळ्या रंगाने नंबर टाकायचे आणि पाच वाजता कपड्यांवरचा कापूस झटकत येऊन वाचनालयाचं कुलूप काढायचे. एकतीस वर्षं. या एकतीस वर्षांत ते कुणावर ओरडल्याचं मला आठवत नाही. पुस्तक दोन महिने उशिरा आणलं तरी "आनं ना, बस झालं" एवढंच म्हणायचे. घरात शब्द चालायचा तो त्यांच्या थोरल्या भावाचा, सुकदेव आबांचा. आबा बोलायचे आणि नाना मान हलवायचे. गावात लोक त्यांना भला माणूस म्हणत, आणि ज्याचं कुठे काही चालत नाही त्यालाच आपल्याकडे भला म्हणतात.

नानांची एक कामाची रीत होती, ती आधी सांगते, कारण सगळं तिच्यावरच येऊन थांबतं. हातोहात फिरणाऱ्या पुस्तकाची शिवण सुटली की पहिल्यांदा शेवटची पानं गळतात. वाचणाऱ्याचा जीव तिथेच तर अडकलेला असतो. अशी पानं गळाली की नाना जळगावच्या एखाद्या वाचनालयातून त्याच पुस्तकाची दुसरी प्रत मागून आणायचे आणि गळालेली पानं आखीव कागदावर हाताने उतरवून काढायचे. गाठींवर नंबर टाकून टाकून त्यांचं अक्षर छापल्यासारखं झालं होतं. मग गाठीच्याच सुतळीचा एक पदर सोडवून ती पानं शिवायची, कण्यावर कणकेची खळ लावायची आणि तळाला बारीक अक्षरात लिहायचं, 'मूळ प्रतीवरून उतरवले. भा.' आम्ही मुलं त्या 'भा.'ला हसायचो.

'नीलतुरंग' मी वाचली ती एकोणिसाव्या वर्षी. फारुकी सुलतानांच्या काळातली, तापीकाठच्या एका गढीची गोष्ट. गढीच्या रावांची मुलगी हेमावती, तिच्यावर जीव टाकणारा घोड्यांच्या सौदागराचा मुलगा सारंग, आणि तापीच्या डोहातून वर येणारा एक निळा घोडा. तो पाण्यावरून चालायचा आणि त्याचे खूर ओले व्हायचे नाहीत. आज वर्गात कुणी मला हे सांगितलं तर मी म्हणेन, बाळा, आधी निबंध पूर्ण कर. पण तेव्हा मी कापूस वेचायला जाताना ती कादंबरी गोणपाटात गुंडाळून शेतात नेत होते. आमच्या घराला एकच कार्ड होतं आणि त्यावर माझा भाऊ प्रशील कसलं तरी स्पर्धापरीक्षेचं पुस्तक अडकवून बसला होता. म्हणून मी 'नीलतुरंग' नोंद न करता ओढणीखाली घालून आणली. चोरलीच म्हणा ना.

या पुस्तकाचीही शेवटची पानं गळालेली होती आणि नानांच्या अक्षरात लिहिलेली अकरा पानं तिथे शिवलेली होती. त्या पानांत हेमावतीच्या लग्नाची वरात गढीत येऊन उतरली आहे. काकांनी जमवलेलं लग्न. दरवाजे बंद. बाहेर नदीकाठी निळा घोडा उभा. आणि हेमावती दरवाजापाशी येते तेव्हा तिथे तिचा बाप उभा असतो. तो स्वतःच्या हाताने अडसर काढतो आणि म्हणतो, "जा. लोकांना काय सांगायचं ते मी बघतो." ती एकटीच घोड्यावर बसून तापी ओलांडते. सारंग नाही, कुणी नाही.

एक गोष्ट मला तेव्हाही खटकली होती. हेमावतीचा बाप अठराव्या प्रकरणात बाण लागून मेला होता. त्याला अग्नी दिल्याचं दोन पानी वर्णन मी रडत रडत वाचलं होतं. मग तो शेवटी दार उघडायला कुठून आला? पण ज्या पुस्तकात घोडा पाण्यावरून चालतो तिथे मेलेला बाप परत आला तर काय मोठंसं, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

त्याच महिन्यात माझ्या मामाने माझ्यासाठी स्थळ आणलं. मुलगा बरा होता. वाईट असता तर सोपं गेलं असतं. मला धुळ्याला जाऊन पुढे शिकायचं होतं आणि ते तोंडाने सांगायची हिंमत नव्हती. माझा बाप, वना, जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबला. त्याला सही येत होती, वाचता येत नव्हतं. एका दुपारी तो लिंबाखाली भाकरी खात होता. मी ती अकरा पानं काढली आणि त्याला वाचून दाखवली. स्वतःचं काही बोलले नाही. त्याने ऐकलं, हात धुतले आणि वखराला गेला. मला वाटलं, संपलं.

चौथ्या दिवशी सकाळी त्याने माझी पत्र्याची पेटी खांद्यावर घेतली आणि मला पहूरच्या स्टँडवर आणलं. एसटी लागली तेव्हा म्हणाला, "जाय. लोकस्ले काय सांगानं ते मी दखी लिसू." आणि त्याने ते खरंच पाहिलं. मामा वर्षभर आमच्या घरी पाणी प्यायला नाही.

तेव्हापासून मी धुळ्याची. देवपूरमध्ये एका शाळेत मराठी शिकवते. लग्न राहून गेलं, आधी नको म्हणून, मग जमेना म्हणून, मग कुणी विचारेना म्हणून. माझं काही रडगाणं नाही. पण खरं सांगायचं तर अलीकडे मी दमले आहे. पेपर तपासा, ऑनलाइन माहिती भरा, मतदार याद्यांचं काम करा, घरी येऊन एका माणसाचा कुकर लावा. गुडघे दुखतात. शाळेला सुट्टी असली की बरं वाटायच्याऐवजी घर अंगावर येतं. अशा वेळी मी मनात हेमावतीला धरून असायचे. तीही एकटीच गेली होती ना, असं म्हणायचे आणि उठायचे. पुस्तकातल्या बाईच्या आधाराने उठणं हा वेडेपणा आहे, हे मला कळतं. पण बाकी आधार कुठे मोप पडला होता?

मागच्या महिन्यात आमच्या शाळेतल्या दिपमाला मॅडमनी त्यांच्या सासऱ्यांच्या माघारी त्यांची पुस्तकं वाटली. त्यात 'नीलतुरंग' निघाली. संपूर्ण, छापील, सगळ्या पानांसकट. रविवारी दुपारी मी आधी शेवटच उघडला.

छापील शेवटात बाप कुठेच नाही. तो मेला आहे आणि मेलेलाच राहतो. सारंग ऐन वेळी सैन्य घेऊन येतो, काका शरण जातात, त्याच मांडवात सारंग-हेमावतीचं लग्न लागतं. निळा घोडा डोहात परत जातो. हेमावती उंबऱ्यावर उभी राहून आरती ओवाळते, आणि शेवटचं वाक्य असं आहे: 'गढीची लेक गढीतच राहिली.'

आधी वाईट वाटलं, आणि मग तळपायाची आग मस्तकात गेली. माझं अख्खं आयुष्य एका जिनिंगच्या माणसाने मनाने रचलेल्या पानांवर उभं होतं आणि त्याने ती खरी म्हणून शिवून ठेवली होती. पुढच्या शनिवारी मी एसटी पकडली.

नानांचं घर सापडायला वेळ लागला नाही. वाचनालय दोन वर्षांपूर्वी बंद पडलं, पत्रे गळायला लागले म्हणून पुस्तकं नानांच्या पुढच्या खोलीत खोक्यांत आली, आणि त्या खोक्यांच्या मधल्या खाटेवर नाना. फार वाळले होते. त्यांच्या बायकोने, रुक्माबाईंनी, मला ओळखलं. "वनानी पोर शे ना तू? प्रज्ञा? ये माय, बस." मी बसले. पाणी प्यायले. आणि पिशवीतून छापील 'नीलतुरंग' काढून नानांच्या पुढ्यात ठेवली.

"नाना, या पुस्तकाचा शेवट तुम्ही बदललात."

नानांनी पुस्तक हातात घेतलं, शेवटची पानं उलटली, सावकाश वाचली. मग म्हणाले, "असा शेवट शे का याना? माले आज समजनं."

"म्हणजे?"

त्यांनी रुक्माबाईंना तिसरं खोकं उघडायला लावलं. वाचनालयाची 'नीलतुरंग' त्यात होती, सुतळीच्या टाक्यांसकट. मी पहिल्यांदा अकराव्या पानाचा तळ पाहिला. तिथे 'मूळ प्रतीवरून उतरवले' हे लिहिलेलं नव्हतं. 'भा.'सुद्धा नव्हता. तेव्हा वाचताना माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं.

"जळगावले प्रत नही भेटनी," नाना म्हणाले. "धुळाले बी नही भेटनी. आनि त्याच टाइमले आमनी सपनानं लगीन जमाडं भाऊनी."

सपना त्यांची एकुलती एक. माझ्याहून वर्षाने मोठी. तिला नर्सिंगला जायचं होतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. सुकदेव आबांनी सावद्याचं स्थळ आणलं आणि नानांनी नेहमीसारखी मान हलवली.

"भाऊनासमोर माले बोलता नही उनं," नाना म्हणाले. "मंग मी ते लिखं. वाटनं, पोर वाचई, माले ईचारई. तिनी ईचारं असतं ना, तं मी उघाडतू दार. खरंच उघाडतू." त्यांनी सुतळीच्या टाक्यांवरून बोट फिरवलं. "पुस्तक तिना हातमा दिधं. आठ दिवस उशाशी व्हतं. तिनी वाचंच नही. तिले कुठे वाचानी आवड?"

रुक्माबाई चहा टाकायला आत गेल्या. सपना आज सावद्याला केळीच्या शेडमध्ये फण्या धुते. बरं चाललंय तिचं. येते तेव्हा साडीवर केळीच्या चिकाचे काळे डाग असतात, ते निघत नाहीत, असं रुक्माबाईंनी मघाशीच सांगितलं होतं.

माझं भांडण कुठे गेलं कळलं नाही. विचारायला एकच गोष्ट उरली होती, ती विचारली. "पण नाना, बाप तर अठराव्या प्रकरणात मेला होता. तुम्ही विसरलात का?"

"माले माहीत व्हतं तो मरेल शे," नाना म्हणाले. "पन दुसरं कोन उघाडतं, माय?"

मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. इतकी वर्षं मी त्या पानांत हेमावतीकडेच बघत होते. ती पानं बापाची होती.

नानांनी वाचनालयाच्या प्रतीचं मागचं पान उघडलं. तिथे तारखांची आणि वाचकांच्या नावांची चिठ्ठी चिकटवलेली होती. नानांनी पानं शिवल्यानंतर तिच्यावर एकही नोंद पडली नव्हती. "कोनीच वाचं नही," ते म्हणाले. "बठ्ठी मेहनत फुकट गयी."

मग मी माझी चोरी कबूल केली. ओढणीखालून नेलेलं आणि तसंच गुपचूप परत ठेवलेलं पुस्तक, शेत, लिंबाचं झाड, भाकरी खाणारा माझा बाप, सगळं सांगितलं. नाना खाटेवर उठून बसले.

"वनाले वाची दखाडं तू? बठ्ठं?"

"अकराच्या अकरा पानं."

"मंग? उघाडं त्यानी?"

पंचवीस वर्षं धुळ्यात राहून माझी बोली शाळेची झाली आहे, पण हे मला शाळेच्या बोलीत सांगता आलं नाही. "उघाडं, नाना," मी म्हणाले. "एसटीपाशी उभा राहीसन म्हने, जाय. लोकस्ले काय सांगानं ते मी दखी लिसू."

माझा बाप जाऊन सहा वर्षं झाली. दोघं रोज एकमेकांना दिसत, पण त्याने नानांना यातलं कधी काही सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी रुक्माबाईंकडून पेन मागून घेतलं. अक्षर अजून तेच, गाठींवरच्या नंबरासारखं ठसठशीत. मला वाटलं, माझं नाव लिहितील. ते त्यांनी चिठ्ठीवर दुसऱ्या ओळीत लिहिलं. पहिल्या ओळीत, वाचकाच्या रकान्यात, त्यांनी 'वना' असं लिहिलं, आणि शाई वाळेपर्यंत पुस्तक उघडं धरून बसले.