घाटातलं सुतक

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र वेगळं राहिलं, कारण त्यात मी चुकलो होतो आणि माझ्या चुकीची शिक्षा दुसरंच कुणी भोगत होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा इंदापूर तालुक्यात फौजदार होतो. एका बुधवारी दिवेलागणीला वरकुट्याकडच्या एका वस्तीवरून निरोप आला, की मोटार चालू करायला गेलेला माणूस विहिरीत पडून गेला. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, पाण्यात पडण्याआधीच डोक्यात कठीण वस्तूचा घाव बसला होता. नोंद खुनाच्या गुन्ह्यात बदलली.

मयत चाळिशीचा शेतकरी. घरात बायको आणि म्हातारी आई. धाकटा भाऊ बारामतीच्या एका कारखान्यात फिटर, मोटारसायकलचा भारी शौकीन. दर वर्षी आठवड्याची रजा काढून एकटाच डोंगरात फिरायला जायचा. त्या सोमवारीही तो निघाला होता: फलटण, वाई, पसरणीचा घाट, महाबळेश्वर, मग आंबेनळीनं खाली पोलादपूर आणि वरंध्यानं परत. त्याला कळवायचं कुठं, हा प्रश्नच होता. अग्नी चुलतभावानं दिला.

शुक्रवारी सकाळी खबऱ्या आला. "सायेब, लांब कशाला जाताय? त्या दिशी दुपारी नवरा-बायकूचं लय वाजलं हुतं. बाईला इचारा." झडती घेतली. घरामागच्या कडब्याच्या गंजीत पहार सापडली, टोकाला रक्त. मला आणखी काय हवं होतं? बारामतीहून महिला पोलीस मागवली आणि बाईला अटक केली. गुन्हा दोन दिवसांत उघडकीला आला म्हणून वरिष्ठांनी पाठ थोपटली, आणि मीही ती थोपटून घेतली.

बाई एकच सांगत राहिली. "भांडान झालं, सायेब. मी न्हाय म्हनत न्हाय. पर मी त्यास्नी मारलं न्हाय." मी तिच्यावर ओरडलो, टेबलावर काठी आपटली. तिचं उत्तर बदललं नाही. भांडणाची कबुली इतक्या सरळ देणारी बाई खोटं कशाला बोलेल, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही.

तिची सासू रोज एसटीनं ठाण्यात यायची, फडक्यात भाकरी बांधून. ज्या सुनेनं मुलाला मारलं असं सगळा गाव म्हणतो, तिला हिचा डबा! एकदा मी विचारलं, "आजी, तुमची खात्री आहे?"

"माझ्या सुनंनं न्हाय केलं."

"मग कुणी केलं?"

म्हातारी माझ्याकडं बघत राहिली आणि काही न बोलता भाकरीचं फडकं झटकून निघून गेली. तिच्या मनात काय होतं, हे मी तेव्हा खोदून विचारलं नाही.

धाकटा रविवारी परतला. वस्तीवर पोचताच त्यानं जो हंबरडा फोडला, तो नाटकी नव्हता. हे मी आजही म्हणेन. जबाबात त्यानं लिहून दिलं, की भाऊ गेल्याचं घरी आल्यावरच कळलं. पुढच्या शुक्रवारी त्यानं मुंडण करून भावाचा दहावा केला.

दोषारोपपत्राचा कागद पूर्ण हवा, म्हणून त्याच्या प्रवासाची खातरजमा करायला मी एका हवालदाराला महाबळेश्वरला पाठवलं. हवालदार मोरगावचे, निवृत्तीला आलेले, बोलायला अगदी सावकाश. सोमवारी परत आले. लॉजच्या वहीत तीन रात्रींची नोंद बरोबर होती. मी फाइल बंद करायला लागलो.

"सायेब, येक ऱ्हायलं," हवालदार म्हणाले. "लॉजजवळ देवीचं ठानं हाय. नारळवाल्या बाईनं वळखलं त्याला. मंगळवारी आत जाऊन नारळ फोडला म्हनं. बेस्तरवारी सकाळी मातुर रस्त्यावरनंच हात जोडलं. बाईनं परसाद दिला, तर घेतला न्हाय. म्हनाला, आमाला सुतक हाय."

मी खुर्चीत ताठ झालो. हवालदारांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "भावकीत म्हैनाभरात दुसरं कुनी गेलं न्हाय, सायेब. मी येताना पोलीस पाटलाला इचारलं. मग बेस्तरवारी सुतक कुनाचं?"

धाकट्याला बोलावून घेतलं. हात लावला नाही, आवाजही चढवला नाही. फक्त म्हणालो, फिरलास ते रोजच्या रोज सांग. सोमवार, मंगळवार तो छान सांगत गेला. घाटाची वळणं, धुकं, वाटेतलं प्रत्येक देऊळ. गुरुवारपासून नुसतीच गावांची नावं यायला लागली.

"गुरुवारनंतर एकाही देवळात गेला नाहीस?"

"पाय दुखत हुतं."

"सुतक कुणाचं होतं?"

त्यानं मुंडण केलेल्या डोक्यावरून हात फिरवला. पाणी मागितलं, प्यायला.

"दादाचं," तो म्हणाला. आणि मी काही विचारायच्या आत, मलाच माहीत नसावं तसं, पुढं म्हणाला, "सख्ख्या भावाचं धा दिस पाळावं लागतंय, सायेब."

बाकीचं मग सरळ होतं. जमिनीची वाटणी करायची होती, पण विहीर एकच, आणि थोरला ती सोडायला तयार नव्हता. खोलीला कुलूप लावून बुधवारी सकाळी हा महाबळेश्वरहून निघाला, काम उरकलं, पहार गंजीत खुपसली आणि रातोरात परत गेला. पंचांसमक्ष त्यानं पसरणीच्या एका वळणाखाली फेकलेले रक्ताचे हातमोजे काढून दिले. भावाला मारताना त्याचा हात थांबला नाही. विटाळ घेऊन देवळाची पायरी चढताना मात्र पाय थांबला. माणूस असाही असतो, हे मला कोणत्याही प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.

मीही काही वेगळा नव्हतो. भांडण ऐकू आलं तिकडं धावलो, आणि जी म्हातारी रोज भाकरी घेऊन समोर उभी होती, तिचं गप्प बसणं मला ऐकू आलं नाही. त्यानंतर तपासात मी गप्प माणसाजवळ आधी बसू लागलो.

न्यायालयात अहवाल पाठवून बाईला सोडवलं. ती तेरा दिवस आत होती. सासू घ्यायला आली होती. मी माफी मागायची म्हणून उभा राहिलो, शब्द जुळवत होतो. बाईनं माझ्याकडं पाहिलं नाही. तिनं हवालदारांना विचारलं, "मालकांचा दहावा कुनी केला?"

मी खाली बघितलं. हवालदारांनी सांगितलं.