गोरा मोड

आमच्या स्टुडिओच्या शेठनी कॅमेऱ्यात एक सेटिंग करून ठेवलं होतं. त्याला ते कौतुकाने 'गोरा मोड' म्हणायचे. स्टुडिओ पनवेलच्या बाजारातला, जुना, आणि मी तिथे बायकांचे फोटो काढायला. हळदीत, मेंदीत, नवरीच्या खोलीत पुरुष फोटोग्राफर नको असतो, तिथे मी. कॅमेरा हातात देताना शेठ दर वेळी बजावायचे, "ताई, मोड चालू आहे ना? आणि उजेडाची चकती दोनवर ठेवा. नवरी उजळ दिसली पाहिजे."

मला त्या दोन्ही गोष्टींची चीड होती. मी काळी आहे. सावळी नाही, काळी. 'सावळी' हा शब्द लोक माझ्यावर उपकार केल्यासारखा वापरतात. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये एक गुलाबी बाई हार घालून उभी आहे. ती कोण, हे मला आजतागायत कळलेलं नाही. निगेटिव्ह कधीच गहाळ झाल्या, त्यामुळे विचारायचं तरी कुणाला?

नुसतं चिडून काही होत नाही, म्हणून मी शिकले. एका सुट्टीच्या दिवशी स्टुडिओचा कॅमेरा मागून घरी आणला. ओट्यावर वांगं, टोमॅटो आणि लिंबू मांडलं, एकेक सेटिंग बदलून फोटो काढले आणि त्यांच्या रॉ फाइल उघडून बघितल्या. रॉ फाइल म्हणजे कॅमेऱ्यात जेवढा उजेड पडला तेवढाच, त्याने स्वतःची अक्कल चालवण्याआधीचा. गोरा मोड लावला की कॅमेऱ्याच्या पडद्यावर वांगं फिकट गुलाबी दिसायचं. कॉम्प्युटरवर रॉ उघडून तो मोड बाजूला सारला की वांगं पुन्हा जांभळं. ब्लॅक अँड व्हाइट लावून पाहिलं, तरी आत टोमॅटो लाल तो लालच. मी एकटीच टाळ्या पिटत होते. नवऱ्याने आत येऊन विचारलं, भाजी कधी करणार?

चकतीचं मात्र तसं नव्हतं. चकती दोनवर नेली की कॅमेरा खरोखरच चौपट उजेड आत घ्यायचा. लिंबावर खिडकीचं ऊन पडलं होतं, तेवढा भाग पांढराफटक झाला आणि रॉमध्येही तो पांढराच राहिला. म्हणजे मोड ही पावडर होती, तोंड धुतलं की जाणारी. चकती म्हणजे चटका होता.

त्यानंतर उलव्याकडच्या एका गावातली हळद आली. नवरी विमानतळाच्या बाजूला बांधकामांवर सर्व्हेचं काम करणारी, दिवसभर उन्हात. हनुवटीखालून कानापर्यंत हेल्मेटच्या पट्ट्याची फिकट रेघ उमटलेली. मी तयारीचे फोटो घ्यायला गेले तेव्हा तिने माझा हात धरला.

"ताई, मला गोरी नका करू हां. ही पट्ट्याची रेघ पन पुसू नका. पाच वर्सं उन्हात उभी रायलेय मी, उगाच नाय."

मी तिला शब्द दिला. तेव्हा मला माझ्या अल्बममधली गुलाबी बाई आठवत होती.

दुपारी मांडवात कापडाच्या फटींतून ऊन थेट पाटावर येत होतं. सुरुवातीला घरचीच माणसं होती, तेव्हाचे फोटो शेठनी स्वतः काढले, चकती दोनवर ठेवून. नवरीच्या घरी पहिली हळद आई लावते, ती आईने लावली. मग बायकांची झुंबड उडाली आणि कॅमेरा माझ्याकडे आला. मी पदराआड चकती शून्यावर आणली. गोरा मोड तसाच ठेवला, मुद्दाम. जरा वेळाने शेठ आले, पडद्यात डोकावले आणि खूश होऊन म्हणाले, "बघा, कशी उजळलीय!"

"हो ना," मी म्हटलं.

सोमवारी स्टुडिओत मी रॉ फाइल उघडल्या आणि मोड काढून टाकला. शेठनी कपाळावर हात मारला.

"हे काय काळंबेरं केलंत? सासरच्यांना काय दाखवणार? सगळे उजळवून टाका."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"ती येऊन बघेल. ती म्हणाली तर उजळवीन. तुम्ही म्हणालात म्हणून नाही."

"मग उद्यापासून यायचं का, तेही ठरवा."

"ते तुम्ही ठरवा," मी म्हटलं. आवाज चढला होता.

दुपारी नवरी आईला घेऊन फोटो निवडायला आली. पडद्यावर तिचा चेहरा होता, गालावर पिवळीधमक हळद आणि खाली ती रेघ. आई पुढे वाकली आणि म्हणाली, "अगो, ही तर तूच हायस!" पोर हसली आणि मग रडली. शेठ पंख्याचं बटण शोधायला लागले.

"आयेनं लावलेली पयली हळद दाखवा ना," ती डोळे पुसत म्हणाली.

ते शेठचे फोटो. आईचा हिरव्या चुड्याचा हात सावलीत होता, तो नीट आला होता. गालाच्या जागी मात्र कोरा कागद. मी उजेड खाली खाली ओढला, तर पांढऱ्याचं नुसतं राखाडी झालं.

"हळद कुठं गेली?"

शेठची जिरलेली बघायची हीच वेळ होती, आणि मला ती मुळीच नको झाली. मला फार वाईट वाटलं. "ती फाइलमध्ये आलीच नाही गं," मी सांगितलं. "कॅमेऱ्यातला गोरा मोड काढता येतो, पण ही आता कुणालाच आणता यायची नाही." शेठ मान खाली घालून बसले होते.

तिने पडद्यावरच्या आईच्या हातावर बोट ठेवलं. "हाच पयल्या पानावर लावा," ती म्हणाली. "आयेचा हात तरी खरा हाय." मग एकदम माझ्याकडे वळली. "आता तुमी बसा, ताई. मी काढते तुमचा फोटो."

मी स्टुलावर बसले. त्याआधी शेठच्या देखत चकती शून्यावर आणली. त्यांनी पाहिलं. तिने फोटो काढला आणि पडदा माझ्यापुढे धरला. त्यावर तीच गुलाबी बाई बसली होती.

"अगो बया, मोड तसाच रायला!" ती ओशाळली. "परत काढू?"

"कशाला? राहू दे," मी म्हटलं. "आत मी आहे."