शेवगावची गाडी थांबवणारे आमचे साडू

ज्याला स्वतःला कुठंच जायचं नाही आणि तरी बाकीच्या सगळ्या जगाला वेळेवर पोचवायची घाई आहे, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे साडू. नगरच्या मिशनच्या शाळेत ते चित्रकला शिकवत. मोटार त्यांना लागत असे. लढाईमुळं पेट्रोल मिळेना म्हणून गाड्या कोळशाच्या गॅसवर चालत, आणि त्या गॅसचा नुसता वास आला तरी हे लिंबू हुंगत उभे राहत. केडगावपर्यंत जायचं तरी सायकल. आणि मी कोण, तर मोटारस्टँडवरचा एजंट. तिकिटं मी फाडत असे, टपावर सामान मी चढवून घेत असे, आणि माझी शिट्टी वाजल्याशिवाय एकही गाडी जागची हलत नसे. तरीसुद्धा गाड्यांबद्दल काही विचारायचं झालं की लोक मला ओलांडून या गृहस्थांना गाठत. आता माणसानं जळू नये तर काय करावं?

जळण्याची सुरुवात तशी सासुरवाडीतच झाली होती. रविवारी मिशनच्या देवळातून आल्यावर सासूबाई जेवणाआधी प्रार्थना करत. तीत थोरल्या जावयाची प्रकृती, त्यांच्या हातातली कला आणि त्यांची सायकल यांबद्दल वेगवेगळे आभार मानले जात, आणि मी 'बाकीच्या सर्व लेकरांत' येई. तोवर रस्सा निवलेला असे. आमेन म्हणून होतं न होतं तोच साडू ताटात रस्ते आखायला घेत. मिठाचा ढीग म्हणजे शेवगाव, लोणच्याची फोड पाथर्डी, मधे चटणीची सडक. इथून तिथं गाडी का नाही, माणसानं नगरवरून वळसा का घ्यायचा, हे ते घास हातात धरून विचारत. "यात नगर कुठाय?" असं मी एकदा खोचून विचारलं, तर माझ्या ताटातली जिलबी उचलून त्यांनी मधोमध ठेवली. म्हणाले, "हे नगर. सगळे रस्ते इथं येतात आणि इथंच अडकतात, पाहुणे." जिलबी गेली ती गेलीच. सासूबाईंनी कौतुकानं आणखी एक वाढली, तीही त्यांनाच.

पूर्वी स्टँडवर कुठली गाडी कुठं जाते हे एका मला ठाऊक असे. "एजंटसायेब, श्येवगावची गाडी कंची वं?" हा प्रश्न मला दिवसातून पन्नास वेळा येई आणि पन्नास वेळा मी खेकसत असे. साडूंनी ते एकदा ऐकलं आणि रॉकेलच्या डब्यांचे पत्रे ठोकून पाट्या करायला घेतल्या. वाचता किती जणांना येतं, म्हणून अक्षरांबरोबर चित्रं. शेवगावला कापसाचं बोंड, पाथर्डीला डोंगर, काष्टीला बाजाराचा बैल. बैल पाहून काष्टीचा एक म्हातारा रागावला, "आमच्या गावचा बैल असला रोडका न्हाई." साडूंनी बैलाला दोन दिवसांत धष्टपुष्ट केलं. मग एक धनगर गाडीत चढेना. "मी शेळी घिऊन चाललोय, ही तर बैलवाल्यांची गाडी हाय." साडूंनी बैलाशेजारी शेळी काढली. शेळी आली म्हणून कोंबड्यावाल्या बायांनी हट्ट धरला, आणि शेवटी त्या पाटीवर गाडीची वेळ लिहायलाही जागा उरली नाही. मी पोटभर हसलो. पण आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं, की आता मला कुणी काही विचारत नाही. लोक पाटी बघत आणि मुकाट्यानं गाडीत जाऊन बसत. खेकसायला माणूस मिळेना. हे दुःख सांगावं तरी कुणाला?

एवढ्यावर थांबतील तर ते साडू कसले! दौंडची आगगाडी दुपारी तीनला नगरला येई आणि शेवगावची मोटार तीनलाच सुटे. स्टेशनापासून स्टँडपर्यंत टांग्यानं यायला वीस मिनिटं. शेवगावला दिवसाला एकच गाडी, म्हणजे आगगाडीच्या उतारूंनी दुसऱ्या दिवसापर्यंत नगरात पडून राहायचं. साडू चार महिने मोटारमालकांच्या मागं लागले. शेवटी मालक म्हणाले, "मे महिना गाडी साडेतीनला सोडून बघू. एक तक्रार आली, की बंद." साडूंना शाळेची सुट्टीच होती. भर उन्हात ते स्टेशनवर जात, शेवगावचे उतारू टांग्यांत घालत आणि हिरवं फडकं फडकवत सायकलीवरून पुढं येत. गाडीतले लोक आधी कुरकुरले, मग तेच त्या फडक्याची वाट बघू लागले. मालकही मान डोलवू लागले. महिना संपायला दोन दिवस राहिले होते.

त्या दिवशी मी गाडीच्या दाराशी हातात शिट्टी घेऊन उभा होतो. आतून एक बाई म्हणाली, "एजंटसायेब, जरा बाजूला व्हा की. मास्तर येत्यात का ते दिसंना."

मी बाजूला झालो आणि शिट्टी वाजवली. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

गाडी वेशीबाहेर पडली आणि साडूंची सायकल आली. मागून दोन टांगे, नऊ माणसं. त्यांत एक म्हातारे मियाँजी आणि त्यांची बीबी, मांडीवर अहेराचं गाठोडं. "भाचीचा निकाह हाय उद्या सकाळी," ते रिकाम्या जागेकडं बघत म्हणाले. साडूंनी घाम पुसला आणि हळूच मला विचारलं, "जागा नव्हती का, पाहुणे?" मी म्हणालो, "नव्हती." त्यांनी सगळ्यांना आपल्या घरी जेवायला नेलं. निकाह चुकला. मियाँजी परतताना मालकांकडं तक्रार घेऊन गेले, आणि मोटार पुन्हा तीनला सुटू लागली. मालक मला म्हणाले, "तुमचे साडू येऊन कबूल करून गेले. म्हणाले, वेळ मीच एजंटला चुकीची कळवली." मी मान खाली घातली. आणि तीनच्या गाडीची तिकिटं फाडायला घेतली.

पुढच्या वर्षी त्यांची सोलापूरच्या शाळेत बदली झाली. पोचवायला मी स्टेशनवर गेलो. ते डब्याच्या दारात उभे होते आणि लांबून धावत येणाऱ्या एका बाईसाठी गार्डाला हात करत होते. ती चढली, गाडी हलली, तेव्हा माझ्या तोंडून एकदाचं निघालं, "मास्तर, त्या दिवशी गाडीत अकरा जागा रिकाम्या होत्या."

"तेरा," ते म्हणाले. "मी दुसऱ्याच दिवशी ड्रायव्हरला विचारलं होतं."

मी डब्याबरोबर चालू लागलो. "मग मालकांना सांगितलं का नाही?"

"अहो, मोटार उद्या दुसरा कुणी थांबवील. तुमची नोकरी गेली असती तर माझ्या मेव्हणीनं काय खायचं?"

आणखी काही म्हणाले, पण ते चाकांच्या आवाजात ऐकू आलं नाही.

मी त्यांच्यावर जळणं अजून सोडलेलं नाही. आधी लोक त्यांना मानत म्हणून जळत होतो. आता जळतो ते यासाठी, की सगळं ठाऊक असून हा माणूस वर्षभर माझ्या घरी चहाला येत होता, माझ्याकडं बघून हसत होता, आणि ते हसणं खरं होतं. तसं मला एक दिवससुद्धा जमलं नसतं.