अक्काला सांगितलेला साप

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईला नाही, शाळेतल्या मैत्रिणींना नाही, रविवारी माझ्याबरोबर साप बघायला येणाऱ्या तिघांना तर नाहीच नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा आता पोटात ठेववत नाही, म्हणून.

मी जयनगरच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवते. आमचं घराणं बेंगळुरूतलं जुनं. मराठी घरापुरती, बाकी सगळा व्यवहार कन्नडात. आणि मला सापांचं वेड आहे. पकडायचं नाही हं — बघायचं, ओळखायचं, वहीत नोंद करायची. ओळखण्यात माझा हात धरणारं कोणी नाही असं आमच्यातले सगळे म्हणतात, आणि मला ते ऐकायला आवडतं. कोणी साध्या, बिनविषारी कवड्याला मण्यार म्हटलं की माझं डोकं फिरतं. मुलांना मी दहादा बजावते, खात्री नसेल तर नाव घेऊ नका, सरळ 'माहीत नाही' म्हणा. चुकून चुकीचं नाव सांगणाऱ्यांवर मी किती चिडले असेन! मी स्वतः चुकले नाही. मला पक्कं माहीत होतं — आणि तेच तर सांगायचं आहे.

इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पुढे, आनेकलच्या बाजूला, अजून थोडी शेतं उरली आहेत. मधे मधे प्लॉटचे दगड रोवलेले, पण आहेत. तिथे गौरक्काचं घर. दोन गाई, नाचणीचा एक तुकडा आणि मुलगी लक्ष्मी. तीन वर्षं आम्ही स्कूटर तिच्या अंगणात लावत होतो. जाताना ती 'स्वल्प' म्हणून लोटाभर ताक पाजायची. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता आणि ऑपरेशन ती आज-उद्यावर ढकलत होती. हे मला ठाऊक होतं, हेही लक्षात ठेवा.

त्या रविवारी बाकीच्यांना जमलं नाही, मी एकटीच गेले. गोठ्यामागे अक्काने चुलीसाठी नारळाच्या झावळ्यांचा ढीग रचला होता. त्याच्या कडेला ऊन खात एक घोणस पडली होती. जाडजूड, पाठीवर साखळीसारखे ठिपके, आणि पोट दोन्ही बाजूंनी टम्म. पोटुशी होती. घोणस अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते, हे मी इतकी वर्षं फळ्यावर लिहीत आले, पण डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आठवड्याभरात होईल असं वाटत होतं. मी फोटो काढत सुटले. तिथून हलले नाही — धाडसाने? छे, हावरेपणाने.

तेवढ्यात अक्का आली. ढिगात काहीतरी जाड सरपटत शिरलं, एवढंच तिला दिसलं. तिने काठी उचलली आणि मला विचारलं, "केरे हावू अल्वा, मेडम?"

केरे हावू म्हणजे आपली धामण, आणि अल्वा म्हणजे 'हो ना'. धामण असली तर अक्का तिच्या वाटेला जात नसे. उंदीर खाते, राहू दे, म्हणायची.

काय करायला हवं होतं, हे माझ्या वर्गातलं कुठलंही पोर सांगेल. घराजवळ विषारी साप दिसला तर घरच्यांना लांब करायचं आणि सर्पमित्राला फोन करायचा. माझ्याकडे चार सर्पमित्रांचे नंबर होते. कोणीतरी आलं असतं, घोणस पिशवीत भरून दूर नेऊन सोडली असती. अक्काने मारली असती म्हणून मी खोटं बोलले असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं! पण तसं नव्हतं. घोणस वाचलीच असती. फक्त तिला पिल्लं होताना मला बघायला मिळालं नसतं.

"हो अक्का," मी म्हणाले, "केरे हावू."

तेवढ्यावर तरी थांबावं? पण शिकवायची खोड ना. चावली तरी काही होत नाही, विष नसतं, हळद लावली की झालं, असं मी हसून सांगितलं. ढिगात अंडी असतील, आठवडाभर हलवू नका, असंही सांगितलं. "सरी," म्हणजे बरं, म्हणत अक्काने काठी खाली ठेवली. माझ्या एका शब्दावर ठेवली.

गुरुवारी सकाळी चुलीला सरपण नव्हतं. अक्काने ढिगाच्या टोकाकडच्या दोनच झावळ्या ओढल्या आणि तिच्या हाताला चावा बसला. हात भराभर सुजला. लक्ष्मी दवाखान्यात चल म्हणून मागे लागली, तर अक्का म्हणाली, विष नाही, मेडमनी सांगितलंय. हळद लावून पडून राहिली. दुपारी हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा कुठे ऑटो बोलावली.

लक्ष्मीचा फोन आला आणि मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, लक्षणं घोणशीची आहेत, फार उशीर झाला, मूत्रपिंडं काम करत नाहीत. साप कोणी पाहिला होता का? फोटो आहे का कोणाकडे? फोटो माझ्या पर्समध्ये होता, मोबाइलमध्ये — एक नाही, चौदा. मी पर्स घट्ट धरून उभी राहिले.

"मेडमनी पाहिला," लक्ष्मी म्हणाली.

"मी पाहिली ती धामण होती," मी म्हणाले, "हा दुसरा साप असणार." इतकं सहज निघालं तोंडातून! कसं निघालं? विचार करायलासुद्धा वेळ लागला नाही.

अक्का ऐकत होती. सुजलेल्या तोंडाने तिने मला पुन्हा विचारलं, केरे हावूच होता ना? आणि मी, तिच्या पायावर हात ठेवून, पुन्हा हो म्हणाले. खरं सांगून तेव्हा औषध बदललं नसतं, ते चालूच होतं. पण लक्ष्मी रडत रडत आईवर ओरडत होती — डोळ्यांनी दिसत नाही, ढिगाला हात लावू नको म्हणून मेडमनी सांगितलं होतं, तरी ऐकलं नाहीस. ते तरी थांबलं असतं. ते ओरडणं माझ्यावर आलं असतं, आणि मला ते नको होतं.

"नंदे तप्पु," अक्का म्हणाली. चूक माझीच. आणि तिने माझी माफी मागितली.

तिसऱ्या दिवशी ती गेली. चूक आपलीच होती, असं समजून गेली. त्या घरी मी अजून जाते. आलेल्या-गेलेल्याला लक्ष्मी तेच सांगते, आईला नीट दिसलं नाही, तिने मेडमचं ऐकलं नाही. मी तिथेच बसलेली असते.