बारावं नाव

"गॉट कम, नेव्हर कम?"

आली, की नाही आली? आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल कोचला मुलींबद्दल एवढी एकच माहिती लागायची. पोट दुखत होतं, एमआरटी म्हणजे मेट्रो बंद पडली होती, असं काही सांगायला मुलीने तोंड उघडलं की तो वहीतून मान वर न करता तेच पुन्हा विचारायचा. शेवटी ती म्हणायची, "नेव्हर कम, कोच." मग तो फुली मारायचा. तीन फुल्या झाल्या की संघाच्या यादीतून नाव बाद.

तुमच्याही ऑफिसात किंवा शेजारात असा एखादा असेल. चूक सापडत नाही आणि आवडतही नाही. मला त्याचा राग यायचा, त्याला माझा. पाच वर्षं आम्ही दोघांनी तो नीट सांभाळला.

मी गणित शिकवायचे. आमचं ज्युनियर कॉलेज, म्हणजे आपली अकरावी-बारावी. सिंगापूरला प्रत्येक शिक्षकाच्या गळ्यात शिकवण्याखेरीज आणखी काहीतरी बांधतात. कुणाला नाटक, कुणाला वादविवाद. मला मुलींचं बास्केटबॉल मिळालं. खेळ मला येत नव्हता आणि यावा अशी अटही नव्हती. बस ठरवायची, फॉर्म भरायचे, कोचने दिलेल्या बारा नावांवर शिक्का घेऊन यादी आयोजकांना फॅक्स करायची, एवढं माझं काम. शिकवायला बाहेरून कंत्राटावर हा यायचा.

पहिल्या दिवशी ओळख करून द्यायला गेले तर त्याने माझ्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघितलं. "मिस, शूज." मी सँडल घालून लाकडी कोर्टवर उभी होते. सँडल हातात घेऊन, अनवाणी, मी माझं नाव सांगितलं. ते त्याने कधी वापरलं नाही. इथल्या कॉलेजात बाईच्या लग्नाला वीस वर्षं झाली तरी ती मिसच.

पन्नाशीचा बुटका माणूस. संघातली सगळ्यात ठेंगणी मुलगीही त्याच्याहून दोन बोटं उंच. दिवसा तो टॅक्सी चालवायचा. डिकीत बॉलची जाळी भरलेली, त्यामुळे सुटकेसवालं गिऱ्हाईक तो घ्यायचाच नाही. एकदा पाऊस कोसळत असताना मी बसस्टॉपवर उभी होते. त्याची टॅक्सी रिकामी, वरचा दिवा हिरवा, सावकाश माझ्यासमोरून निघून गेली. दुसऱ्या दिवशी मी ते बोलून दाखवलं.

"तुम्ही हात नाही केलात, मिस," तो म्हणाला.

त्याच्या आधी आमचा संघ पहिल्या फेरीतच घरी यायचा. कपाटातले सगळे कप वादविवादाचे. त्याच्या दुसऱ्या वर्षी आम्ही अंतिम सामना हरलो आणि तिसऱ्या वर्षापासून जिंकायलाच लागलो. प्रिन्सिपल भाषणात 'आपली परंपरा' म्हणू लागले. ही परंपरा कशी तयार होते ते मी रोज बघत होते. पहिले दोन महिने मुलींना बास्केटमध्ये बॉल टाकायला मनाई. पळायचं, थांबायचं, वळायचं. त्यानंतर तो हजेरी घेण्यापुरताच कोर्टवर यायचा. मग काचा वर करून टॅक्सीत चिनी पेपर वाचत बसायचा आणि मुलींनी आपापला सराव घ्यायचा. मी लेखी तक्रार केली की शिकवण्याचे पैसे घेऊन हा माणूस गाडीत बसतो. प्रिन्सिपलांनी मला कपाटाकडे बोट दाखवलं.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. पाचव्या वर्षी पेई शान नावाची पहिल्या वर्षाची मुलगी संघात आली. तिचे आजोबा गेले. अंत्यविधी सकाळी झाला आणि दुपारी ही सरावाला हजर. बाहीवर चिनी लोक शोकाचा कापडाचा लहानसा चौकोन लावतात, तो पिनने तसाच लावलेला. कोचने तो पाहिला. तिच्याकडे बॉल टाकला. पण त्या दिवशी तो टॅक्सीत गेला नाही. दोन तास बास्केटखाली उभा राहून तिला बॉल परत देत राहिला. मला वाटलं, दोन शब्द बोलला असता तर याचं काय गेलं असतं?

त्याच वर्षी ऋचाचं प्रकरण झालं.

ऋचा दुसऱ्या वर्षाला, माझ्याच गणिताच्या वर्गात. आम्ही सेरंगूनला एकाच ब्लॉकमध्ये, म्हणजे एकाच इमारतीत, राहायचो. तिचे वडील जहाजावर इंजिनिअर. परीक्षेच्या तोंडावर तिचं गणित कच्चं दिसलं म्हणून मी तिला तीन गुरुवार जादा तासाला थांबवलं. गुरुवारी सराव असे. तीन फुल्या पडल्या. अंतिम सामन्याची यादी नव्याने द्यायची होती. कोचने दिलेल्या कागदावर ऋचा नव्हती. बाराव्या ओळीवर पेई शान होती.

मी त्याला सांगायला गेले की तिला मी थांबवलं होतं, दोष माझा.

"येस, मिस," तो म्हणाला. "नेव्हर कम."

संध्याकाळी ऋचाच्या आईचा, वर्षाचा, फोन आला. "ताई, शाळेपासून खेळते ती, सहा वर्षांत यांनी पोरीचा एक सामना बघितला नाही. या वेळी जहाज नेमकं इथे लागतंय. ती खेळली नाही तरी चालेल हो, पण त्या कपड्यांत बसलेली तरी दिसू दे."

मी फोनवर विरघळणारी बाई नाही. पण त्या फुल्या माझ्यामुळे पडल्या होत्या. मी साधा हिशेब केला: ऋचाचं हे शेवटचं वर्ष, पेई शानला अजून एक आहे. यादी टाइप करताना बाराव्या ओळीवर मी ऋचाचं नाव घातलं आणि फॅक्स केली.

पेई शानला मी स्वतः सांगितलं की यादी बदलली आहे. ती म्हणाली, "ओके, मिस." ऋचालाही सांगितलं. ती आनंदाने जवळजवळ किंचाळली. कोचने माफ केलं असं दोघीही धरून चालल्या. मी खोटं काही बोलले नाही. कुणी बदलली तेवढं सांगितलं नाही. कोचशी तर मी बोललेच नाही.

सामन्याच्या दिवशी कोचने टेबलावर ठेवलेली यादी पाहिली. एकेका नावावरून बोट खाली आणलं आणि शेवटच्या नावावर थांबवलं. मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. त्याची तयारी मी करून आले होते. तो माझ्याकडे आला, हातातली पाटी, जिच्यावर कोर्ट आखलेलं असतं आणि चुंबकाच्या सोंगट्या असतात, ती माझ्या हातात दिली.

"तुमची टीम, मिस."

आणि पायऱ्या चढून प्रेक्षकांत जाऊन बसला. कॉलेजच्या युनिफॉर्ममध्ये आलेल्या पेई शानच्या शेजारी.

बाकावरच्या मुली माझ्याकडे बघत होत्या. जॅकेटची चेन निम्मी उघडलेली ऋचा माझ्यासमोर आली. घरीदारी सगळ्यांना इंग्रजीतच उत्तर देणारी मुलगी, तिने इंग्रजीतच विचारलं, "मिस, माझं नाव कोचने लिहिलं ना?"

"मी लिहिलं," मी म्हणाले.

तिने चेन हनुवटीपर्यंत वर ओढली आणि बाकाच्या टोकाला जाऊन बसली.

सामना आम्ही कसा खेळलो ते मला विचारू नका. मी पाटी उलटी धरली होती. कॅप्टनने ती माझ्या हातात फिरवून सुलटी केली आणि पुढचं सगळं तिनेच बघितलं. कोण दमलं, कुणाला आत घ्यायचं, कुणाला कोण अडवेल, हे ती इतर मुलींशी दोन शब्दांत ठरवायची आणि नियमाने खेळाडू बदलायला मोठं माणूस लागतं म्हणून माझ्याकडे बघायची. मी मान हलवायचे. गाडीत बसून पेपर वाचणाऱ्या माणसाने या पोरींना काय शिकवलं ते मला त्या दिवशी कळलं. कळलं म्हणून तो आवडू लागला असं नाही. उलट जास्तच राग आला.

शेवटची तीन मिनिटं राहिली तेव्हा आम्ही चौदा गुणांनी पुढे होतो. कॅप्टन म्हणाली, आता ऋचाला घ्या, मिस, काही होत नाही. मी वळले. ऋचा हलली नाही.

"जा, बाबा बघतायत," मी हळूच म्हणाले.

"म्हणूनच नको," ती म्हणाली. मराठीत.

वर तिचे वडील व्हिडिओ कॅमेरा डोळ्याला लावून उभे होते. कॅमेरा पूर्ण वेळ आमच्या बाकावर रोखलेला. सामना संपल्यावर ते खाली आले, माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "ताई, तुमच्यामुळे दिसली. खेळेल हो पुढच्या वेळी." ऋचाला पुढची वेळ नव्हती. हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. मीही सांगितलं नाही.

कप घेऊन फोटो काढताना कोचला हाका मारल्या. तो बॉल जाळीत भरत होता. भरून झाल्यावर जाळी खांद्यावर टाकून निघून गेला.

पुढच्या आठवड्यात त्याचं दोन ओळींचं पत्र आलं: कंत्राट पुढे नको. कारण लिहिलं नव्हतं. प्रिन्सिपलांनी मला विचारलं, काही झालं होतं का? त्याने माझ्याबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं. हा त्याचा मोठेपणा, असं तुमच्यातले काही म्हणतील. मला तसं वाटत नाही. तक्रार करण्याइतकीही किंमत त्याने मला दिली नाही, असं वाटतं. मी प्रिन्सिपलांना म्हणाले, मला कल्पना नाही.

त्यानंतर तो दुसऱ्या कुठल्या कॉलेजात दिसला नाही. कुणी म्हणे हौगांगला ब्लॉकखालच्या कोर्टवर लहान मुलींना पळवतो. मी बघायला गेले नाही.

नवा कोच तरुण, हसतमुख. मुलींची अडचण ऐकून घ्यायचा, सरावानंतर चॉकलेट वाटायचा. मला नावाने हाक मारायचा. त्या वर्षी यादी द्यायची वेळ आली तेव्हा पेई शान सरावाला येत नाही असं कळलं. मी तिला वर्गाबाहेर गाठलं. या वर्षी तू पहिल्या पाचांत असशील, म्हणाले.

"नाही, मिस," ती अगदी अदबीने म्हणाली. "अभ्यास आहे."

गणिताच्या शिक्षिकेने यावर काय बोलायचं? मी बरं म्हणाले.

यादीत अकराच नावं भरली. बारावी ओळ रिकामी दिसायला नको म्हणून नव्या कोचने तिच्यावर पट्टीने सरळ रेघ मारली आणि कागद माझ्याकडे सरकवला. "अकराही चालतात," तो हसत म्हणाला. मी शिक्का मारून घेतला आणि यादी फॅक्स केली.